दुसरं भोक कशाला असतं?

आज जरा भांडायचं आहे. ज्यांना माशांच्या टाकीत काडीचाही रस नाही त्यांनी हा रविवार दुसरीकडे सत्कारणी लावावा, मी अजिबात रागावणार नाही :) पण ज्यांच्या हॉलमध्ये तीन-चार फुटी टाकी आहे किंवा यंदाच्या दिवाळी बोनसमधून यायची आहे, आणि ती टाकी दुकानदाराने "सर, रेडी ड्रिल्ड पीस आहे, फक्त पाइप जोडायचे" असं म्हणून गळ्यात मारली आहे, त्यांनी मात्र शेवटपर्यंत वाचा. तुमच्या खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर नक्कीच वाचा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. टाकीच्या तळाला दोन भोकं पाडलेली असतील तर दोन्ही भोकं पाणी खाली जाण्यासाठी वापरायची. पाणी वर आणणारा पाइप मागच्या काठावरून आत घ्यायचा. बास, एवढंच. एवढ्यासाठी एवढा मोठा लेख कशाला, असं वाटत असेल तर तुमच्या ओळखीच्या कुठल्याही टाकीवाल्याच्या कपाटात वाकून बघा. दहातल्या आठांनी उलटं केलेलं असतं. मीही केलं होतं.

नवख्यांसाठी चार ओळी. संप म्हणजे हरताळ नव्हे, टाकीच्या खालच्या कपाटात ठेवलेली दुसरी, छोटी टाकी. वरच्या टाकीच्या एका कोपऱ्यात काळ्या काचेचा उभा खोका चिकटवलेला असतो आणि त्याच्या वरच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात. पाणी त्या दात्यांवरून खोक्यात सांडतं, खोक्याच्या तळातल्या भोकातून पाइपाने संपमध्ये उतरतं, तिथे स्पंजातून वगैरे गाळलं जातं आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. हीटर, फिल्टर, सगळा पसारा खाली लपतो. वर नुसते मासे आणि झाडं. आयडिया झकास आहे, त्याबद्दल वाद नाही.

फक्त एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर जाणारं पाणी पंपाच्या जोरावर जातं, खाली येणारं मात्र आपल्या वजनाने येतं. आणि पंपाला खालच्या वाटेचं काय चाललंय हे कळायची काही सोय नसते. निचरा तुंबला तरी तो बिचारा इमानेइतबारे ढकलतच राहतो. (ज्यांनी क्यू भरली तरी न थांबणारा प्रोड्युसर प्रॉडक्शनमध्ये पाहिला आहे त्यांना पुढची गोष्ट आत्ताच कळली असेल.)

दुकानातून येणाऱ्या टाकीत बहुतेक वेळा एक भोक इंची पाइपाचं आणि दुसरं पाऊण इंची पाइपाचं असतं. दुकानदार सांगतो, मोठं भोक निचऱ्याचं, छोटं रिटर्नचं. दोन्ही पाइप खोक्यात लपतात, बाहेरून काही दिसत नाही, फोटो छान येतो. मला पण हेच आवडलं होतं.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. त्यात एंजल मासे, आणि मागच्या बाजूला व्हॅलिसनेरिया. ह्या झाडाची पानं फितीसारखी लांबच लांब वाढतात, पाण्यावर पसरतात आणि अधूनमधून तुटून तरंगत फिरतात. दिसायला फार सुंदर. निचऱ्यावर मी ड्युर्सो बसवला होता. रिचर्ड ड्युर्सो नावाच्या अमेरिकन हौशी माणसाच्या नावाने ओळखली जाणारी ही युक्ती आहे: उभा पाइप, वर टी, टीच्या डोक्यावर कॅप, आणि कॅपला हवेसाठी बारीक भोक. साध्या उघड्या पाइपातून पाणी जाताना संडासाचा फ्लश ओढल्यासारखा आवाज दर मिनिटाला येतो. ड्युर्सोने तो बराच थांबतो, कारण हवेला सरळ वाट मिळते.

बराच थांबतो, पण पूर्ण नाही. थोडी गुळगुळ राहतेच. आणि आम्ही इंजिनियर. ९५ टक्क्यांवर समाधान मानलं तर डिग्री परत करावी लागेल ना! म्हणून मी पाइपाच्या तोंडावरच्या जाळीला स्पंजाचा एक तुकडा गुंडाळला. गुळगुळ बंद. मित्रांना बोलावून ऐकवलं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही हे ऐकवलं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीड वाजता एक रिलीज आटपून झोपलो. पहाटे साडेपाचला बेल. दारात खालच्या मजल्यावरचे काका, हातात टॉर्च.

"अरे, तुझ्याकडे नळ राहिलाय का चालू? आमच्याकडे पंख्यातून पाणी गळतंय."

पंख्यातून. काकांच्या आई त्या पंख्याखाली झोपतात, वय ब्याऐंशी. पाणी स्लॅबमधून झिरपत पंख्याच्या कपात साचलं, आरसीसीबी पडला, पंखा थांबला आणि उकाड्याने काकांना जाग आली. आजींच्या गोधडीवर तोवर हातभर ओला डाग पडला होता. दोनच वर्षांपूर्वी काकांनी घराचं वायरिंग बदलताना आरसीसीबी बसवून घेतला होता. तो नसता तर... हे वाक्य त्यांनीही पूर्ण केलं नाही, मीही केलं नाही.

माझ्या हॉलमध्ये घोट्याएवढं वगैरे पाणी नव्हतं. टाकीभोवतीचा भाग ओला, सोफ्याखाली थारोळं, आणि बाकीचं पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली गेलेलं. टाकी काठोकाठ भरलेली, संपमधला पंपाचा कप्पा कोरडा, पंप हवा चावत कण्हतोय. खोक्यात हात घातला तर स्पंजावर व्हॅलिसनेरियाची दोन पानं चपटी बसलेली, बँडेज बांधावं तशी, आणि कडेच्या फटीत एक गोगलगाय. एवढंच. ह्या तिघांनी मिळून माझी सिस्टिम झोपवली.

नंतर शांतपणे गणित केलं. ते तुम्हीही करा, पाचवीतलं आहे. माझी टाकी १२० बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर वाढली की ५.४ लिटर. रोजच्या पातळीपासून काठ तीन सेंटिमीटर वर, म्हणजे टाकी जास्तीचं फक्त १६ लिटर पोटात घेऊ शकते. पंप किती ढकलतो? खोक्यावर ताशी ३००० लिटर लिहिलंय, पण तो आकडा पाणी वर चढवायचं नसेल तेव्हाचा. मी बादली लावून मोजलं: २० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरते, म्हणजे ताशी १५०० लिटर. आता भागाकार करा. निचरा पूर्ण तुंबल्यापासून टाकी वाहायला लागेपर्यंत वेळ मिळतो चाळीस सेकंदांच्या आत-बाहेर.

चाळीस सेकंद! झोपेत सोडा, जागेपणी मोबाइल चार्जिंगवरून काढून बघेपर्यंत खेळ संपला.

पंपाच्या कप्प्यात उपसण्याजोगं पाणी साधारण २० लिटर. १६ टाकीत मावलं तर ४ लिटर बाहेर. चार लिटरने खालच्या घराचं काही बिघडलं नसतं, फडक्याने पुसून मोकळा झालो असतो. पण मी आणखी एक हुशारी केलेली होती. बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी आपोआप भरावं म्हणून स्टुलावर २० लिटरचा जार ठेवून त्याची नळी पंपाच्या कप्प्यातल्या फ्लोट व्हॉल्व्हला जोडली होती. कप्प्यातलं पाणी उतरलं की व्हॉल्व्ह उघडणार. त्या रात्री कप्पा रिकामा झाला, व्हॉल्व्हला वाटलं फार उकाडा आहे, त्याने अख्खा जार ओतला, आणि पंपाने तो इमानेइतबारे वर नेऊन फरशीवर सोडला. ४ अधिक २० म्हणजे २४ लिटर. एक भाग मेला तर दुसरा ऑटोमॅटिक भाग मदतीला धावून आग वाढवतो, हे मी ऑफिसात दहा वेळा पाहिलंय. घरी स्वतःच्या हाताने बांधलं, आणि तेही फुशारकीने.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माफी मागायला आणि रंगाचे पैसे विचारायला खाली गेलो, तर काकाच म्हणाले, "चल, बघू तरी काय आहे ते." काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कपाटात वाकून त्यांनी शांतपणे सगळे पाइप बोटाने मागोवले.

"हे दुसरं भोक कशाला आहे?"

"काका, ते रिटर्नचं. पाणी वर यायला."

"म्हणजे येणाऱ्या पाण्याला पक्की वाट, आणि जाणाऱ्याला एकच? मग सांडवा कुठाय?"

मी गप्प. धरणाला सांडवा असतो हे आपल्याला शाळेत शिकवतात. तो बाराही महिने वाहत नाही. म्हणून कोणी म्हणत नाही की चला, एवढी जागा वाया जातेय, तिथून कालव्याचा पाइप आणू. आणि मी नेमकं तेच केलं होतं. काचवाल्याने भोक पाडून दिलेलं असताना सांडव्यातून पाणी वर आणलं होतं.

इथून पुढे भांडण. रिटर्न भोकातूनच घेणाऱ्या मंडळींची उत्तरं मला पाठ आहेत, कारण वर्षभर मीच ती देत होतो.

पहिलं उत्तर: "आमचं पाच वर्षं असंच चालतंय, काही झालं नाही." अहो, हेल्मेट न घालता पाच वर्षं गाडी चालवणारेही हेच सांगतात. ज्यांची टाकी वाहिली ते लोक हौस सोडून टाकी विकून मोकळे झालेले असतात, ते तुम्हाला सल्ला द्यायला येत नाहीत. उरलेले सगळे अर्थातच "काही झालं नाही" वाले.

दुसरं: "मग निचऱ्याचा पाइप मोठा घ्या, सव्वा इंची, दीड इंची." घ्या की. मोठ्या पाइपात गोगलगाय अडकत नाही हे खरं. पण तोंडावरची जाळी तीच, पानं तीच, स्पंज गुंडाळणारा महाभाग तोच. एक ते एकच. सर्व्हरची रॅम दुप्पट केली म्हणून कोणी फेलओव्हर काढून टाकत नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात धोक्याचं, आणि हल्ली ते फार ऐकू येतं: "एकाच पाइपाला गेट व्हॉल्व्ह लावा, फुल सायफन करा, एकदम सायलेंट." सायफन सायलेंट असतो हे शंभर टक्के खरं. पाइपात हवाच नसते, नुसतं पाणी भरभरून वाहतं, मग आवाज कशाचा होणार? आणि त्याच मापाच्या पाइपातून ड्युर्सोपेक्षा कितीतरी जास्त पाणी जातं. पण सायफनला सूट नसते. त्यातून जाणारा प्रवाह उंचीच्या वर्गमुळाने बदलतो. खोक्यातल्या पाण्यापासून संपमधल्या पाण्यापर्यंत ९० सेंटिमीटर उतार धरा. खोक्यातली पातळी १० सेंटिमीटर वाढली तर उंची झाली १००, आणि प्रवाह वाढला किती? जेमतेम ५ टक्के. म्हणजे व्हॉल्व्ह तुम्ही ५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसवलात तरच पाणी खोक्यात राहतं. व्हॉल्व्हमध्ये शेवाळाचा पापुद्रा अडकला, प्रवाह ६ टक्के घटला, की पातळी चढत चढत काठापाशी. एकट्या सायफनवर टाकी सोडणं म्हणजे दोरीवर चालायचं आणि खाली जाळीही नाही. सायफन लावायचा असेल तर दुसरा सुका पाइप हवाच, त्याशिवाय ह्या युक्तीला अर्थ नाही. ज्या पद्धतीला लोक हर्बी म्हणतात तिच्यात दोन पाइप असतात ते उगाच नाही. बीनॲनिमल ह्या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत तर तीन: एक सायफन, एक थोडं पाणी झेलणारा उघडा पाइप आणि एक पूर्ण सुका. लोक ह्यातला सायफन उचलतात आणि बाकीचे पाइप विसरतात.

चौथं: "मागच्या काठावरून पाइप आला की दिसतो, हॉलचा लुक जातो." हो, दिसतो. माझाही दिसतो. काळा रंग मारलाय, मागच्या काळ्या शीटवर कोणाच्या लक्षातही येत नाही. आणि समजा आला लक्षात. खालच्या घराच्या सीलिंगवरचा पिवळा नकाशा जास्त दिसतो.

पाचवं उत्तर दुकानदाराचं. मी त्याच दुकानात परत गेलो होतो, भांडायला नाही, पाइप आणायला. तो म्हणाला, "सर, कंपनीचं डिझाइन आहे, सगळे असंच लावतात." अहो, सगळे असंच लावतात हीच तर तक्रार आहे! छोटं भोक पाऊण इंची ठेवलं की आपोआपच गिऱ्हाइकाला वाटतं की हे रिटर्नचं. कोणी मुद्दाम फसवत नाही. पण ज्याने डिफॉल्ट ठरवला त्याची जबाबदारी शून्य आणि ज्याने तो मुकाट्याने स्वीकारला त्याच्या दारात पहाटे साडेपाचला काका, हे काही बरोबर नाही.

बरं, रिटर्न भोकातून घेतल्याचा आणखी एक तोटा वीज गेल्यावर दिसतो. पंप थांबला की रिटर्नच्या पाइपातून पाणी उलटं खाली यायला लागतं, त्याचं तोंड पाण्याबाहेर उघडं पडेपर्यंत. तोंड पातळीच्या १० सेंटिमीटर खाली असेल तर माझ्या टाकीतून ५४ लिटर संपमध्ये येणार. संपमध्ये तेवढी रिकामी जागा आहे का? बहुतेकांकडे नसते. मग लोक म्हणतात, "एनआरव्ही टाकलाय." एनआरव्हीच्या झडपेत वाळूचा एक कण अडकला की तो व्हॉल्व्ह राहत नाही, नुसता पाइपाचा जाड तुकडा राहतो. हिशेब करताना तो नाहीच असं धरायचं. पाइप काठावरून आणला की तोंड पातळीच्या एक-दीड सेंटिमीटर खाली ठेवणं आपल्या हातात असतं, आणि मग उलटं येणारं पाणी सात-आठ लिटर, त्यात खोक्यातलं आणि पाइपातलं थोडं. आपल्याकडे वीज जाणार की नाही ह्यावर मी काही बोलत नाही :)

आता मी काय केलं ते. छोट्या भोकाला सायफन, मोठ्या भोकाला सुका पाइप. उलटं नाही. बहुतेकांना आधी हे उफराटं वाटतं, कारण रोजचं काम करणाऱ्याला मोठा पाइप द्यावा असं वाटतं. पण सायफन भरून वाहत असल्यामुळे पाऊण इंचातही माझ्या पंपाचे ताशी १५०० लिटर आरामात जातात. सुक्या पाइपावर वेळ येईल तेव्हा तो आधी हवा-पाणी एकत्र घेऊनच सुरू होणार, त्याला जागा जास्त लागते. संकटात धावणाऱ्याला मोठा रस्ता.

सायफनचं तोंड खोक्यात खाली, सुक्या पाइपाचं तोंड त्याच्याहून बरंच वर, पण टाकीच्या दात्यांच्या खाली. सायफनला संपजवळ गेट व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह घेऊ नका, हार्डवेअरवाला "एकच आहे हो" म्हणेल तरी. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो आणि पूर्ण बंद होतो, त्या पाव फेऱ्यात ५ टक्क्यांचा पट्टा शोधत बसलात तर रविवार जाईल. गेट व्हॉल्व्हचं चाक पाच-सहा फेरे फिरतं, केसभर इकडे-तिकडे करता येतं. व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना युनियन टाका म्हणजे साफ करायला काढता येईल. सोल्युशन लावून सगळं कायमचं चिकटवून टाकू नका, मी पहिल्यांदा तसंच केलं आणि मग हॅकसॉ घेऊन बसलो.

सायफनचं खालचं टोक संपमधल्या पाण्यात फक्त दोन-अडीच सेंटिमीटर बुडवायचं. जास्त खोल नेलं तर वीज परत आल्यावर पाइपात अडकलेली हवा बाहेर पडत नाही आणि सायफन पकडत नाही. हे मला तिसऱ्या प्रयत्नात कळलं.

आणि सुक्या पाइपाचं खालचं टोक पाण्याच्या वर, हवेत ठेवायचं. मुद्दाम. त्यातून पाणी पडलं की संपमध्ये धबधबा कोसळल्यासारखा आवाज झाला पाहिजे, बेडरूमपर्यंत गेला पाहिजे. मी जन्मभर ज्या आवाजाचा द्वेष केला तो आता मला हवाय, कारण तो आला म्हणजे सायफन तुंबलाय. पूर्वीची माझी टाकी मरताना हूं की चूं न करता मेली. ज्यांना टाकी कायम, काहीही झालं तरी शांतच हवी असते त्यांनी ह्याचा विचार करावा.

सुक्या पाइपाला व्हॉल्व्ह नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. एकदा कोणीतरी साफसफाईला बंद करतो आणि उघडायला विसरतो. त्याच्या तोंडावर सायफनसारखी बारीक जाळीही नाही. एकच कचरा दोघांना एकाच वेळी तुंबवू शकत असेल तर तुमच्याकडे दोन पाइप नाहीत, एकाच पाइपाच्या दोन प्रती आहेत. पानं खोक्यात येऊच नयेत म्हणून दात्यांवर जाड जाळीची पट्टी लावली आहे आणि व्हॅलिसनेरिया दर रविवारी कापतो. स्पंजाची हकालपट्टी. फ्लोट व्हॉल्व्ह ठेवलाय, पण जार आता ५ लिटरचा. रोज भरावा लागतो, हरकत नाही.

मग चाचणी. पाइप जोडून झाले, गळत नाही, म्हणजे झालं, असं अजिबात नाही. मी सायफनच्या तोंडावर तळहात ठेवून पंप अर्धा तास चालू ठेवला. (हात बधिर होतो, नंतर बूच लावलं.) सगळं पाणी सुक्या पाइपातून गेलं, टाकीची पातळी पाऊण सेंटिमीटर वाढली आणि थांबली. मग पंपाचं बटण बंद करून संप कुठवर भरतो ते बघितलं, काठाला चार बोटं शिल्लक. मग परत चालू केल्यावर सायफन आपोआप पकडतो का, हे लागोपाठ पाच वेळा. पहिल्या वेळी काकांना वर बोलावलं होतं. धबधब्याचा आवाज ऐकून ते म्हणाले, "एवढा आवाज करतो तुझा सांडवा?" मग म्हणाले, "करू दे."

एक अपवाद मात्र प्रामाणिकपणे मान्य करतो, नाहीतर कोणीतरी मला धरेल. पंपाच्या कप्प्यातलं सगळं पाणी वरच्या टाकीत तीन सेंटिमीटरच्या मोकळ्या जागेत मावत असेल आणि कुठलाही आपोआप भरणारा जार नसेल, तर एका निचऱ्यावरही फरशी कोरडी राहते. पंप कोरडा पडून जळेल, मासे गुदमरतील, पण खालचं घर वाचेल. दोन फुटी छोट्या टाकीवाल्यांनी कप्पा मुद्दाम लहान ठेवून हे जमवावं. चार फुटाला मला नाही जमलं. कप्पा एवढा लहान केला की बाष्पीभवनाने दीड दिवसात पंप हवा ओढायला लागतो.

आणि ज्यांची टाकी अजून काचवाल्याकडे आहे, त्यांनी उद्या सकाळी फोन करा. दोन्ही भोकं इंची सांगा, आणि खोक्यात जागा असेल तर तिसरं पण पाडून घ्या, ते नुसतं टोपी लावून ठेवता येतं. पैसे नगण्य पडतात. नंतर भरलेली टाकी रिकामी करून, वाळू काढून, खोक्याचं सिलिकॉन सोलून भोक पाडायचं म्हटलं तर काचवाला येणारच नाही. आणि तळाची काच टफन्ड आहे का हे पण त्याच फोनवर विचारून घ्या, कारण तसल्या काचेला नंतर ड्रिल लागत नाही. टोक टेकवलं की अख्ख्या काचेचा चुरा.